गोळेश्वरचा मल्ल

कृष्णा आणि कोयना या दोन नद्या एकमेकींच्या समोरून येऊन जेथे मिळतात, तेथे सातारा जिल्ह्यातील कराड हे प्राचीन नगर वसलेले आहे. या नगराच्या जवळच गोळेश्वर नावाचे एक लहानसे खेडे आहे. तेथे दादासाहेब जाधव या शेतकऱ्याच्या घरी १५ जानेवारी १९२६ रोजी एक मुलगा जन्मास आला. पाच मुलांत हा सर्वांत धाकटा. त्याचे नाव खाशाबा असे ठेवण्यात आले.

घरची परिस्थिती बेताची होती. परंतु त्या घरात एका गोष्टीची वाण नव्हती, ती म्हणजे कुस्तीची. खाशाबांचे आजोबा मल्ल होते, वडीलही मल्ल होते. गावोगावच्या जत्रांतील फडांची, नामांकित पैलवानांची आणि त्यांच्या डावपेचांची चर्चा त्या घरात नित्य चाले. वडिलांनी आपल्या या धाकट्या मुलास वयाच्या पाचव्या-सहाव्या वर्षापासूनच कुस्तीचे पाठ देण्यास आरंभ केला. आठ वर्षांचे असताना खाशाबांनी आसपासच्या भागातील एका नावाजलेल्या मल्लास दोन मिनिटांत चीत केले, असे सांगतात.

त्या काळी देशावरील गावात देऊळ असावे तशी तालीमही असे. तालमीच्या मध्यभागी मातीचा हौद असावयाचा. या हौदातील माती सामान्य माती नव्हे. ती चाळून मऊ केलेली असे, आणि तिच्यात तेल, ताक, लिंबाचा रस, हळद असे पदार्थ घालून ती मुरविलेली असे. अशा मातीत पडले तरी अंगास फारशी इजा होत नाही. पहाट झाली की पोरे लंगोट कसून तालमीत शिरत, कोनाड्यातील मारुतीस नमस्कार करीत आणि मेहनतीस लागत. प्रथम हौद खणावयाचा. फावड्याने सारी माती खालीवर करावयाची. हेच काम इतके दमविणारे असे की नवख्या मुलाची निम्मी शक्ती तेथेच संपे. त्यानंतर जोर, बैठका, मुद्गल फिरविणे, दोरावर चढणे, आणि शेवटी जोडीदाराबरोबर लढत. वस्ताद काठावर उभे राहून प्रत्येकाकडे पाहत. कोणी अंग चोरले तर ते त्यांच्या दृष्टीतून सुटत नसे.

खाशाबांचे शिक्षण कराडच्या टिळक हायस्कुलात झाले. शाळेत असताना कुस्तीबरोबरच पोहणे, धावणे, कबड्डी या खेळांतही ते रमत. १९४२ साली स्वातंत्र्याचा शेवटचा मोठा लढा सुरू झाला. सातारा जिल्हा तर त्या लढ्याचे एक ठाणेच बनला होता. भूमिगत कार्यकर्ते रानावनांतून, वाड्यावस्त्यांतून लपतछपत वावरत. त्यांस आसरा देणे, त्यांचे निरोप व पत्रके पोचविणे ही कामे अनेक तरुणांनी केली. त्यांत सोळा वर्षांचे खाशाबाही होते.

पुढे महाविद्यालयीन शिक्षणासाठी खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. कोल्हापूर ही तर मल्लविद्येची राजधानी. राजर्षी शाहू छत्रपतींनी येथे कुस्तीस उदार आश्रय दिला होता, तालमी उभारल्या होत्या आणि खासबागेचे विस्तीर्ण मैदान बांधून घेतले होते. अशा नगरीत येणाऱ्या पैलवानाकडून लोकांची काही अपेक्षा असे. उंचीने धिप्पाड, छातीने भरदार, मान जाड, चालीत डौल, असे रूप म्हणजे पैलवान, हा लोकांचा समज होता. खाशाबांकडे यांपैकी काहीच नव्हते. त्यांची उंची जेमतेम साडेपाच फूट, बांधा सडपातळ. महाविद्यालयाच्या वार्षिक क्रीडास्पर्धांची वेळ आली तेव्हा या किरकोळ अंगाच्या मुलाचे नाव कुस्तीसाठी घेण्यास क्रीडाशिक्षकांनी नकार दिला. खाशाबांनी वाद घातला नाही. ते सरळ प्राचार्यांकडे गेले आणि एक संधी मागितली. प्राचार्यांनी ती दिली. मग आखाड्यात उतरलेल्या या सडपातळ तरुणाने आपल्याहून वजनदार मुलांना एकामागून एक अस्मान दाखविले, तेव्हा पाहणारे चकित झाले.

त्यांचे हे चकित होणे स्वाभाविक होते. कारण स्नायू म्हणजे काय आणि ते बळकट कसे होतात, याविषयी आपल्या कल्पना बहुधा डोळ्यांस जे दिसते तेवढ्यावरच आधारलेल्या असतात. स्नायू हा अतिशय बारीक तंतूंचा जुडगा असतो. नेहमीपेक्षा अधिक भार त्यावर पडला की त्यातील काही तंतूंना सूक्ष्म इजा होते. दुसऱ्या दिवशी अंग दुखते याचे हे एक कारण आहे. मग शरीर अन्नातील प्रथिने घेऊन आणि झोपेतील विश्रांतीचा लाभ घेऊन ती इजा भरून काढते, आणि भरून काढताना ते तंतू पूर्वीपेक्षा थोडे जाड करून ठेवते. पुन्हा भार, पुन्हा दुरुस्ती. हे काम एका दिवसात दिसत नाही, महिन्यातही फारसे दिसत नाही. वर्षे लोटावी लागतात. शिवाय बळ केवळ जाडीत नसते. शेकडो तंतूंना एकाच क्षणी ओढ घेण्याची आज्ञा मेंदूकडून मिळावी लागते, आणि ही आज्ञा पोचविण्याची सवयही मेहनतीनेच लागते. म्हणून दोन सारख्याच दंडांत बळ सारखेच असेल असे नाही.

याचे उदाहरण पाहण्यास तालमीतच गेले पाहिजे असेही नाही. पलीकडे विदर्भात, भंडारा जिल्ह्यातील साकोलीच्या आसपास पावसाळ्यात धानाची रोवणी चालते, ती पाहावी. गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून पऱ्हे रोवणाऱ्या बायांचे आणि बांधीत चिखलणी करणाऱ्या गड्यांचे दंड काही फुगलेले दिसत नाहीत. परंतु एखादा फुगीर दंडाचा शहरी मनुष्य त्यांच्या ओळीत उभा केला, तर दोन तासांच्या आत त्याची कंबर त्यास बांधावर नेऊन बसवील. शरीराला ज्या कामाची रोज सवय असते त्या कामास लागणारे बळ ते राखून ठेवते. खाशाबांच्या शरीराने कुस्तीस लागणारे बळ राखून ठेवले होते. ते दिसण्यात फारसे येत नव्हते इतकेच.

कोल्हापुरात बाबूराव बलवडे आणि बेलापुरे गुरुजी या वस्तादांचे मार्गदर्शन त्यांस लाभले. सकाळ-संध्याकाळ तासन्‌तास मेहनत चाले. शेकडो जोर आणि हजाराच्या घरात बैठका हा त्यांचा परिपाठ होता असे सांगितले जाते. अंगकाठी लहान असल्यामुळे समोरच्यास नुसत्या ताकदीने रेटणे त्यांस परवडणारे नव्हते. म्हणून त्यांनी चपळाई आणि डाव यांवर भर दिला. ढाक हा त्यांचा आवडता डाव. प्रतिस्पर्ध्याची मान बगलेत जखडून, विजेच्या वेगाने वळून त्यास उचलून फेकावयाचे, असा हा डाव आहे. तो साधण्यास मनगट, मान, कंबर आणि पाय या चारही ठिकाणी एकाच क्षणी बळ लागते. एकाही ठिकाणी ते उणे पडले तर डाव टाकणाराच खाली येतो.

१९४८ साली लंडन येथे ऑलिंपिक सामने भरावयाचे होते. दुसऱ्या महायुद्धामुळे बारा वर्षे हे सामने झाले नव्हते. स्वतंत्र भारताचा संघ प्रथमच त्यांत उतरणार होता. खाशाबांची निवड झाली, आणि प्रवासाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. लंडनला पोचल्यावर मात्र खाशाबांपुढे एक निराळीच अडचण उभी राहिली. तेथे माती नव्हती. तेथे होती गादी.

मातीवरची कुस्ती आणि गादीवरची कुस्ती यांत मोठे अंतर आहे. मातीत पाय रुततो, त्यामुळे मल्ल ठाण मांडून उभा राहू शकतो. गादीवर बूट घालून सरसर हालचाल करावी लागते. मातीवर प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीस लागली की कुस्ती निकाली. ती लागेपर्यंत वेळेचे भान कोणी फारसे ठेवीत नसे. गादीवर वेळ ठरलेली असते, पंच असतात, आणि पाठ न लागताही हार-जीत ठरू शकते. हे सारे नियम खाशाबांना तेथे गेल्यावर शिकावे लागले. रीस गार्डनर नावाच्या अमेरिकी प्रशिक्षकाने त्यांस गादीवरचे काही धडे दिले. एवढ्या तुटपुंज्या तयारीवर खाशाबा फ्लायवेट गटात, म्हणजे सर्वांत हलक्या वजनाच्या गटात, उतरले. ऑस्ट्रेलिया व अमेरिका यांच्या मल्लांस त्यांनी हरविले, इराणच्या मल्लाकडून ते हरले, आणि त्यांचा क्रमांक सहावा आला. आयुष्यात गादीवर प्रथमच पाऊल ठेवणाऱ्या बावीस वर्षांच्या तरुणास ही कामगिरी भूषणावह होती. खाशाबांचे मात्र तेवढ्याने समाधान झाले नाही. परत आल्यावर त्यांनी पुढील चार वर्षांसाठी मेहनत दुप्पट केली, आणि या वेळी अधिक वजनाच्या, म्हणजे सत्तावन्न किलोच्या बँटमवेट गटाची तयारी आरंभिली.

वजन वाढविणे ही गोष्ट सोपी वाटते. मल्लाच्या बाबतीत ती तशी नाही. चरबीने वाढलेले वजन आखाड्यात ओझे होते. वाढलेला प्रत्येक शेर स्नायूचा असावा लागतो, आणि तो स्नायू वेगाच्या आड येता कामा नये. त्यासाठी दूध, तूप, बदाम, भाकरी, कडधान्ये असा खुराक लागतो. बेताच्या स्थितीतील शेतकऱ्याच्या मुलास हा खुराक सहज मिळणारा नव्हता. तालमीत घाम गाळणे आपल्या हाती असते. ताटात काय पडावे हे पुष्कळदा आपल्या हाती नसते. पैलवानांच्या गौरवाच्या कथा सांगताना ही बाजू बहुधा सांगावयाची राहून जाते.

१९५२ चे सामने फिनलंड देशाची राजधानी हेलसिंकी येथे व्हावयाचे होते. निवडीच्या वेळी निरंजन दास या मल्लाविरुद्ध खाशाबांना एक गुण कमी देण्यात आला. हा निकाल त्यांस मान्य नव्हता. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराजांना कुस्तीची आवड होती आणि लंडनमधील खाशाबांची कुस्तीही त्यांच्या स्मरणात होती. त्यांनी पुन्हा कुस्ती लावून दिली. या खेपेस पंचांना गुण मोजण्याचे कामच पडले नाही. खाशाबांनी क्षणार्धात प्रतिस्पर्ध्यास चीत केले.

निवड झाली, परंतु हेलसिंकीस जाण्यासाठी पैसा कोठून आणावयाचा? सरकारदरबारी खेटे घालूनही पुरेशी मदत वेळेवर मिळाली नाही. तेव्हा गोळेश्वरच्या व कराडच्या लोकांनी वर्गणी गोळा केली. ज्याला जे जमले ते त्याने दिले. तरीही रक्कम पुरेना. अखेरीस राजाराम महाविद्यालयाचे माजी प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर पुढे आले. त्यांनी आपले राहते घर गहाण ठेवले आणि सात हजार रुपये उभे केले. त्या काळी सात हजार रुपये ही फार मोठी रक्कम होती. आपल्या विद्यार्थ्यासाठी स्वतःचे छप्पर पणास लावणारा हा शिक्षक खाशाबांच्या चरित्रात त्यांच्याइतकाच महत्त्वाचा आहे, असे मला वाटते.

हेलसिंकीत बँटमवेट गटात अनेक देशांचे निवडक मल्ल जमले होते. खाशाबांनी प्रथम कॅनडाच्या पोलिक्वीनला चीत केले. नंतर मेक्सिकोचा बासुर्तो समोर आला. त्याचीही पाठ त्यांनी गादीस लावली. जर्मनीच्या श्मित्झने चिवट झुंज दिली, परंतु पंचांचा कौल खाशाबांच्या बाजूने पडला. आता शेवटच्या तिघांत त्यांचा समावेश झाला. उरलेले दोघे होते जपानचे शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचे रशीद मम्मदबेयोव.

इशींबरोबरची कुस्ती पंधरा मिनिटे चालली. दोघेही चपळ, दोघेही डावात निपुण. कोणासही दुसऱ्याची पाठ लावता आली नाही, आणि पंचांनी इशींना विजयी ठरविले. खाशाबांचे अंग घामाने निथळत होते, श्वास लागला होता. तोच त्यांस मम्मदबेयोवशी लढण्यासाठी बोलावण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळावयास हवी होती असे सांगतात. परंतु ही बाजू अधिकाऱ्यांपुढे मांडण्यास त्या वेळी तेथे भारताचा कोणीही जबाबदार मनुष्य हजर नव्हता. खाशाबांना परकी भाषा सफाईने बोलता येत नव्हती. ते तसेच गादीवर चढले आणि हरले. इशींना सुवर्णपदक, मम्मदबेयोवना रौप्यपदक आणि खाशाबांना कांस्यपदक मिळाले. तो दिवस २३ जुलै १९५२ हा होता. स्वतंत्र भारताच्या एकट्या खेळाडूने मिळविलेले ते पहिले ऑलिंपिक पदक. त्याच सामन्यांत कोल्हापूरकडचेच केशव मानगावे हे वरच्या वजनाच्या गटात चौथे आले आणि त्यांचे पदक थोडक्यात हुकले. त्यांचे नाव आज फारसे कोणास ठाऊक नाही, म्हणून येथे मुद्दाम दिले आहे.

हॉकीच्या संघाने त्याच वेळी सुवर्णपदक जिंकले होते, आणि देशभर त्याच विजयाचा गजर चालला होता. कांस्यपदकाकडे दिल्ली-मुंबईच्या लोकांचे फारसे लक्ष गेले नाही. कराडकरांचे मात्र गेले होते. खाशाबा गाडीतून उतरले तेव्हा त्यांच्या स्वागतासाठी शंभराहून अधिक बैलगाड्या शृंगारून उभ्या होत्या. ढोल, लेझीम, गुलाल यांनी आसमंत दुमदुमून गेला. स्थानकापासून गोळेश्वरपर्यंत जी वाट एरवी थोड्या वेळात संपे, तीस त्या दिवशी सुमारे सात तास लागले.

मिरवणूक संपली, गुलाल धुऊन निघाला, आणि खाशाबांच्या मनात पहिला विचार आला तो गहाण पडलेल्या घराचा. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे फड लावले, त्यांत ते स्वतः लढले, आणि त्यांतून आलेल्या पैशातून गुरूंचे घर सोडवून दिले. ऑलिंपिक पदक मिळविण्यास त्यांना जेवढे बळ लागले, त्याच बळावर हे ऋणही फिटले.

येथे थोडे थांबून एका निराळ्या गोष्टीचा विचार करणे अवश्य आहे. खाशाबा हेलसिंकीत लढत होते त्याच सुमारास पाश्चात्त्य देशांत स्नायू वाढविण्याची एक आडवाट तयार होत होती. पुरुषाच्या शरीरात निर्माण होणारे, स्नायूंची वाढ करणारे एक द्रव्य शास्त्रज्ञांनी १९३५ मध्ये प्रयोगशाळेत बनविले होते. त्याचा हेतू रोग्यांचे भले करणे हा होता. परंतु १९५४ साली व्हिएन्ना येथील वजन उचलण्याच्या जागतिक स्पर्धेच्या वेळी एका अमेरिकी डॉक्टरांच्या कानावर आले की सोव्हिएत खेळाडू हे औषध बळ वाढविण्यासाठी घेतात. पुढे १९५८ मध्ये अमेरिकेत तशाच जातीच्या गोळ्या बाजारात आल्या. या औषधांना स्टेरॉइड म्हणतात. ती घेऊन मेहनत केली की स्नायू लवकर फुगतात, हे खरे आहे. परंतु ती हृदयावर ताण आणतात, यकृत बिघडवितात, आणि वाढत्या वयाच्या मुलांत तर त्यांचा एक फार वाईट परिणाम होतो. मुलांच्या हाडांची टोके काही वर्षे वाढती असतात, म्हणून त्यांची उंची वाढते. या औषधांमुळे ती टोके अवेळीच मिटून जातात. एकदा मिटली की ती पुन्हा उघडत नाहीत, आणि मुलाची उंची जन्मभरासाठी तेथेच खुंटते. ऑलिंपिक सामन्यांत या औषधांची तपासणी १९७६ पासून होऊ लागली. १९८८ साली सोल येथे शंभर मीटर धावण्यात जगाला थक्क करणाऱ्या बेन जॉन्सन या कॅनडाच्या धावपटूचे सुवर्णपदक याच कारणासाठी तीन दिवसांत काढून घेण्यात आले.

खाशाबांनी हे औषध नाकारले, असे म्हणणे खरे होणार नाही. त्यांच्या तारुण्यात ते कोल्हापूरच्या तालमींपर्यंत पोचलेच नव्हते. आजच्या मुलांपुढे मात्र ते व्यायामशाळेच्या दारातच उभे असते. कधी सुईच्या रूपाने, कधी गोळीच्या, तर कधी नाव नीट न लिहिलेल्या डब्यातील भुकटीच्या रूपाने. ज्या मुलास किरकोळ अंगाचा म्हणून कोणी हिणविले असेल, त्यास त्या डब्याचा मोह अधिक होतो. राजाराम महाविद्यालयात ज्याचे नाव घेण्यास नकार मिळाला होता, तो मुलगाही असाच हिणविला गेला होता.

पदक मिळाल्यानंतर तीन वर्षांनी, म्हणजे १९५५ साली, खाशाबा मुंबईच्या पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून दाखल झाले. नोकरी सांभाळून त्यांची मेहनत चालूच होती. पुढच्या वर्षी मेलबर्न येथे ऑलिंपिक सामने होते, आणि या वेळी सुवर्णपदकच आणावयाचे, असा त्यांचा निर्धार होता. परंतु सरावात त्यांच्या गुडघ्यास जबर दुखापत झाली. गुडघा हा मल्लाच्या शरीराचा आस. तो निकामी झाला की डाव, वेग, ताकद सारे व्यर्थ. खाशाबांना मेलबर्नला जाता आले नाही. मेहनतीने कमावलेले शरीरही अखेर हाडामांसाचे असते. ते दुखावते, थकते, आणि कधी कधी ऐन वेळी साथ सोडते. अशा वेळी ते बरे होईपर्यंत थांबण्यावाचून दुसरा उपाय नसतो, आणि त्या थांबण्यात ऑलिंपिकची चार वर्षे निघून जातात. खाशाबा पुन्हा ऑलिंपिकच्या गादीवर उतरले नाहीत.

पोलीस दलात त्यांनी सचोटीने काम केले. बढती मात्र त्यांस फार उशिरा मिळाली, आणि निवृत्तीच्या थोड्या आधी ते सहायक पोलीस आयुक्त झाले. १९८२ साली दिल्लीत भरलेल्या आशियाई क्रीडासामन्यांच्या मशालदौडीत त्यांस सहभागी करून घेण्यात आले होते. निवृत्तीनंतर त्यांस फार काळ लाभला नाही. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील एका अपघातात त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते अठ्ठावन्न वर्षांचे होते. देशाचा क्रीडाक्षेत्रातील अर्जुन पुरस्कार त्यांस मिळाला तो मृत्यूनंतर सोळा-सतरा वर्षांनी.

भारताच्या एकट्या खेळाडूस ऑलिंपिकमध्ये दुसरे पदक मिळण्यास पुढे चव्वेचाळीस वर्षे लागली. १९९६ साली टेनिसमध्ये लिअँडर पेस यांनी ते मिळविले. कुस्तीत तर आणखी बारा वर्षे वाट पाहावी लागली, आणि २००८ साली सुशील कुमार यांनी कांस्यपदक आणले. २०१० साली दिल्लीत राष्ट्रकुल क्रीडासामने भरले तेव्हा ज्या भवनात कुस्त्या झाल्या, त्यास खाशाबांचे नाव देण्यात आले. त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. गोळेश्वरात त्यांच्या घराचे नाव ऑलिंपिक निवास असे आहे.